लेकराची मान वज्रीनं घासू नका (आणि ओपीडीतल्या आणखी काही गोष्टी)

अर्धा_डॉक्टर | धागाकर्ता

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचक आहे. मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात बालरोग विभागात एमडी करतोय, दुसरं वर्ष. म्हणजे लेकरं मला डॉक्टर म्हणतात आणि सिस्टर "ओ, जरा इकडं या" म्हणतात. आज नाइट नाही, तरी झोप येईना, म्हणून लिहायला बसलो. पेशंटची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

सोमवारची ओपीडी होती. एक बाई दहा वर्षांच्या पोराला घेऊन आली. तक्रार काय, तर "मान काळी पडलीय, मलम लिहून द्या." पोरगं शर्टाची कॉलर वर ओढून बसलेलं. कॉलर खाली केली तर मानेवर मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा, आणि त्यावर खरचटल्याच्या लाल रेघा. हे काय म्हणून विचारलं, तर माय म्हणाली, "रोज वज्रीनं घासायलेय सर, तरी निघंना. आंघोळच नीट करत नाही हे."

टाचा घासायची वज्री. लेकराच्या मानेवर. रोज.

तो मळ नसतो हो. त्याला आम्ही अकॅन्थोसिस नायग्रिकान्स म्हणतो. शरीर इन्सुलिन तयार करतं, पण पेशी त्याला दाद देईनाशा होतात, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. त्या जादा इन्सुलिननं मानेची, काखेची कातडी जाड आणि काळी होते. मधुमेह झालाच असं नाही, पण त्याची नोटीस निघालेली असते. घासून फक्त जखम होते. वजन आटोक्यात आलं की काळेपणा हळूहळू आपोआप फिका होतो.

वजन ५४ किलो. उंची १३८ सेंमी, म्हणजे वयाला साजेशी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २८. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५चा तक्ता आम्ही वापरतो, त्यातल्या लठ्ठपणाच्या रेषेच्या हा पोरगा बराच वर. बीपी घ्यायला गेलो तर लहान मुलांचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, पुरेना. लहान कफ ओढूनताणून बसवला की बीपी खोटंच जास्त दाखवतं, त्यामुळं शेजारच्या मेडिसिन वॉर्डातून मोठ्यांचा कफ मागून आणला. लेकरांच्या वॉर्डात मोठ्यांचा कफ लागतो, हे पुस्तकात वाचलं होतं. हातानं बांधला तेव्हा समजलं.

आता माझी चूक सांगतो. ओपीडीत बाहेर शंभरेक लोक, मी सकाळपासून चहावर. मी त्या बाईला फाडकन म्हणालो, "काय अवस्था करून ठेवलीय लेकराची! दिसत नव्हतं का तुम्हाला?" ती काही बोलली नाही. कॅरीबॅगमधून एक घडी घातलेलं, कडा फाटलेलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. अंगणवाडीचं, वजनाच्या आलेखाचं.

जन्माचं वजन १.९ किलो. नवराबायको तेव्हा ऊसतोडीला जायचे, पोर फडावरच्या कोपीत झालेलं. पुढं दहाव्या महिन्यात ठिपका नारंगी पट्ट्यात, म्हणजे तीव्र कमी वजन. मग पिवळ्यात. मग चौथ्या वर्षी हिरव्यात, आणि त्या ठिपक्याशेजारी सेविकेनं पेननं एक छोटी चांदणी काढलेली. पाचव्या वर्षी कार्ड संपतं. तिथून दहा वर्षांपर्यंत कोरा कागदसुद्धा नाही.

मधल्या काळात त्यांनी कोयता सोडला, स्टँडजवळ हॉटेल टाकलं. हॉटेल म्हणजे आपल्याकडचं: चहा, भजे, वडापाव. शाळा सुटली की पोरगं गल्ल्यावर. माय म्हणाली, "तुमच्यावानीच एक डॉक्टर व्हता सर. म्हणला, खाऊ घाला, वजन वाढलं पाहिजे, नाही तर हातचं जाईल. मी घातलं."

मी काय बोलणार? तो डॉक्टर चुकला नव्हता. ती बाई तर मुळीच चुकली नव्हती. फक्त थांबायचं कुठं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या कार्डात खालच्या बाजूला धोक्याचे दोन रंग आहेत, हिरव्याच्या वर धोक्याचा रंग नाही. आपल्या भाषेतही नाही म्हणा. बाळसं धरलंय, गुटगुटीत आहे, खात्यापित्या घरचं दिसतंय. सगळे शब्द कौतुकाचे. आणि बारीक पोराला काय म्हणतो? काडी, पाप्याचं पितर. दोन पिढ्यांपूर्वी बाळसं म्हणजे लेकरू जगणार याची खात्री होती, हे मला कळतं. १९७२चा दुष्काळ माझ्या आजीनं पाहिलाय. ती अजून माझ्या ताटात तिसरी भाकरी न विचारता टाकते.

पण जीवशास्त्र वेगळंच सांगतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, अवयव छोटे, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीवालं बाळ. पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर 'मिळेल ते साठव' हेच शिकून येतं. नंतर घरात चार पैसे आले, की तेच शरीर सगळ्यात आधी फुगतं. २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी इंग्रजाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. हा फोटो आमच्या पिढीच्या प्रत्येक डॉक्टरनं पाहिलाय आणि पाहून स्वतःच्या पोटाकडं बघितलंय.

म्हणून सांगतो, आमच्या वॉर्डात दंडाची पट्टी लाल दाखवणारं (११.५ सेंमीच्या आत), म्हणजे तीव्र कुपोषित, वर्षाचं लेकरू आणि ओपीडीतलं हे ५४ किलोचं पोरगं, ही मला आता दोन वेगळी लेकरं वाटत नाहीत.

मलम दिलं नाही. वजन उतरवायचंही सांगितलं नाही. वाढत्या वयात बऱ्याच मुलांचं वजन आहे तिथं धरून ठेवलं तरी भागतं, उंची वाढते आणि बीएमआय आपोआप खाली येतो. "एक वर्ष वजन ५४च ठेवायचं, बास," असं म्हणाल्यावर त्या माउलीचा जीव भांड्यात पडला. रक्ततपासण्या लिहून दिल्या: साखर, लिव्हर, चरबी. जाताना पोराला एकट्याला विचारलं, शाळेत काय म्हणतात तुला? म्हणाला, "टमटम."

तुमच्याकडं काय चित्र आहे ते लिहा. शाळेच्या गेटवर काय मिळतं? आणि घरातल्या आज्यांना हे कसं सांगायचं, कुणाला जमलंय का?

—

कोरडवाहू

लेख चांगला आहे, पण राग येऊ नये, विषय चुकला. आमच्या जिल्ह्यात अजून लेकरं कुपोषणानं दवाखान्यात भरती व्हायलेत आणि तुम्ही लठ्ठपणावर लिहायलात. हे शहरातल्या कॉन्व्हेंटवाल्यांचं दुखणं आहे. गरिबाच्या पोराला जाड व्हायला वेळ कुठाय?

—

अर्धा_डॉक्टर

राग कशाला? मलाही वर्षापूर्वी असंच वाटायचं. कुपोषणाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के लुकडी निघाली. पण त्याच अहवालात, त्याच पानावर बघा: जादा वजनाची मुलं चौथ्या फेरीत १.९ टक्के होती, ती पाचव्यात ४.१. आकडा लहान आहे, पण चार-पाच वर्षांत दुपटीच्या वर गेला. युनिसेफनं तर २०२५मध्ये सांगितलं की जगात ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण आता कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालंय. एक संपलं आणि मग दुसरं आलं, असं आपल्याकडं झालं नाही. दोन्ही एकाच घरात आहेत. मी सांगितलेलं पोरगं ऊसतोड्याचंच आहे, कॉन्व्हेंटचं नाही.

—

काळी_जमीन

औसा भागातला शेतकरी आहे. डॉक्टर, खरं कारण मी सांगतो. आमच्या शिवारात ज्वारी राहिली कुठं? खरिपाला सगळं सोयाबीन. रब्बीला हरभरा. मालदांडी पेरायची म्हणलं तर काढायला माणूस मिळत नाही, रानडुकरं वेगळीच. रेशनला गहू-तांदूळ. लेकरं सकाळी चहात खारी बुडवून शाळंला जातात, दुपारी खिचडी, संध्याकाळी चपाती नाही तर भात. येळवशीला एक दिवस शेतात भज्जी-आंबील-उंडे खायचे आणि फोटो टाकायचे, संपली ज्वारी. आमच्या लहानपणी जाड पोरगं सगळ्या गावात एक, सावकाराचं. भाकरीवर या सगळे, काही होत नाही.

—

अर्धा_डॉक्टर

दादा, तुमचं निम्मं बरोबर. पण भाकरीला औषध बनवू नका. १०० ग्रॅम ज्वारी आणि १०० ग्रॅम गहू, कॅलरी जवळजवळ सारख्याच. फरक सोबतीनं पडतो. भाकरीबरोबर पिठलं येतं, अंबाडी येते, शेंगदाण्याची चटणी, कांदा येतो. चावायला वेळ लागतो, दीड भाकरीत पोट भरतं. चपातीबरोबर आमच्याकडच्या आया साखर-तूप, नाही तर जाम गुंडाळून देतात. आणि तुमच्या लहानपणी शाळा तीन किलोमीटर लांब होती, ते हिशोबात धरलं नाही तुम्ही. मुलांना रोज तासभर दम लागेल असं खेळणं लागतं.

खारी मात्र अगदी नेमकी पकडलीत. ओपीडीत 'सकाळी काय खातो' म्हटलं की दहातल्या आठ आया 'चहा-बिस्किट' म्हणतात आणि त्याला नाश्ता धरतच नाहीत. "सकाळी काहीच खात नाही सर, नुसतं एक बिस्किटचा पुडा." पुड्याआधी 'नुसता'!

—

लातूरवाली_आई

मी लिहू का नको करत होते. आम्ही मूळ परभणीचे, मुलाच्या नीटसाठी दोन वर्षांपासून लातुरात खोली करून राहतोय. मुलगा १७ वर्षांचा. आला तेव्हा ६२ किलो, आज ८१. सकाळी क्लास, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका. बसून बसून बसतो. रात्री एकला भूक लागते, मी नूडल्स करून देते, कारण आईला दुसरं काय करता येतं? खेळायला जा म्हटलं तर माझ्याकडं असं बघतो की मी काही पाप बोलले. त्याचे बाबा फोनवर म्हणतात, आधी एमबीबीएस होऊ दे, मग कमी करील. सध्या घोरायलाय खूप, आणि क्लासमध्ये पेंगतो म्हणून सरांनी फोन केला होता. टेन्शनमुळं असेल का?

—

अर्धा_डॉक्टर

ताई, टेन्शन असेलही, पण घोरणं आणि दिवसा पेंगणं एकत्र आलं तर ते आधी तपासून घ्या. मानेभोवती चरबी वाढली की झोपेत श्वासाची वाट मधूनमधून बंद पडते, मेंदू जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा जागा. रात्रभर पडून राहूनही झोप झालेली नसते. वाचलेलं लक्षात राहत नाही त्याचं हे कारण असू शकतं. रात्री शेजारी बसून दहा मिनिटं ऐका. घोरता घोरता मध्येच शांत होतो आणि मग धाप लागल्यासारखा श्वास घेतो का? मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बीपी आणि साखर पण बघून घ्या.

नूडल्सबद्दल मी काही बोलणार नाही. मीही त्याच खोल्यांमधून आलोय, त्याच नूडल्सवर. फक्त एक दिवसाआड तरी फुटाणे-शेंगदाणे किंवा अंडं ठेवून बघा. आणि त्याच्या बाबांना सांगा, एमबीबीएस झाल्यावर कमी होत नाही. वाढतं. मी पुरावा आहे.

—

पेठेतला_काका

आमच्या पुतणीचं वजन वाढलंय, ११ वर्षांची आहे. ओळखीचे सगळे म्हणतात थायरॉईडच असणार. टेस्ट करून गोळी चालू करावी का?

—

अर्धा_डॉक्टर

काका, सगळ्यांना थायरॉईडच हवा असतो, कारण मग दोष कुणाचाच राहत नाही. ढोबळ खूण सांगतो. जादा खाण्यानं जाड झालेलं मूल सहसा वयाच्या मानानं उंच असतं. जाड आणि बुटकं असेल, उंची वाढायची थांबली असेल, अभ्यासात मंदावलं असेल, तर हार्मोनचा विचार आधी करायचा. पुतणी वर्गात रांगेच्या कुठल्या टोकाला उभी राहते ते विचारा. टेस्ट डॉक्टरांनी सांगितली तर जरूर करा, पण ओळखीच्यांच्या सांगण्यावरून गोळी नको.

—

सेविकेची_लेक

अर्धा_डॉक्टर, त्या चांदणीवर वाचून रडू आलं. माझी आई २६ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. तीसुद्धा अशीच चांदणी काढते. एखादं लेकरू नारंगीतून हिरव्यात आलं की त्या दिवशी घरी येऊन चहा पिताना सांगते. तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण तिच्या बाजूनं एक सांगते. महिन्याच्या बैठकीत तिला एकच विचारतात, तीव्र कुपोषित किती, मध्यम किती. जाड लेकराचं तिला आजवर कुणी विचारलं नाही. आणि गुटगुटीत बाळाला काट्यावर ठेवायला गेलं की आजी पुढं येते, "नको बाई, नजर लागंल." कधी कधी वजन करून झाल्यावर तिथंच मीठ-मोहऱ्या उतरवतात. बारीक लेकराला खुशाल ठेवतात काट्यावर. आई म्हणते, त्याला नजर लावायला उरलंय काय.

—

अर्धा_डॉक्टर

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्या कार्डावरची सगळ्यात महत्त्वाची नोंद ती चांदणीच होती. ती नसती तर हे पोरगं माझ्या ओपीडीपर्यंत आलंच नसतं.

—

खडू_फळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, जिंतूर तालुका. गेटवर काय मिळतं विचारलंत म्हणून सांगतो. पोंगे, पाच रुपयांचे पुडे, रंगीत पाण्याची पेप्सी, इमली, क्रीमरोल. एका पाच रुपयांच्या पुड्यात तुम्ही म्हणाल त्या कॅलरी असतील...

—

अर्धा_डॉक्टर

२० ग्रॅमचा धरला तर शंभरेक. एकानं काही बिघडत नाही. तुमची पोरं किती खातात?

—

खडू_फळा

मधल्या सुट्टीत दोन, सुटल्यावर एक. कारण सकाळी माय-बाप कामाला जाताना दहा-वीस रुपये हातावर ठेवतात, डबा करायला वेळ कुठला? नियम आहे, मला माहीत आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा. जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. मी गेटवर जाऊन पावलं मोजली. टपरी १४ पावलांवर. टपरीवाला आमच्या शाळा समितीतल्या एका सदस्याचा सख्खा भाऊ. आता बोला.

पोषण आहाराचं म्हणाल तर पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा हिशोब आहे. २०२३च्या शेवटी आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, पोरं त्या दिवशी बुडवत नव्हती. जानेवारी २०२५मध्ये सरकारनं अंड्याचा निधी काढून घेतला. आता त्या दिवशीची हजेरी इतर दिवसांसारखीच.

डॉक्टरांची गाडी वर्षातून एकदा येते तपासणीला. उंची-वजन लिहून घेतात, पण एवढ्या पोरांचा बीएमआय काढून कोण बघणार? आम्हा मास्तरांना काटा न लागणारं, वर्गात करता येईल असं काही आहे का? तक्ते नका देऊ, तक्ते खूप आहेत.

—

अर्धा_डॉक्टर

आहे. सुतळी घ्या. पोराची टाच ते डोकं उंची मोजून तेवढी कापा. दुमडून निम्मी करा. ती निम्मी सुतळी बेंबीच्या रेषेत पोटाभोवती फिरवा. टोकं जुळली तर ठीक, जुळली नाहीत तर पोटावर चरबी आहे, त्याला पाठवा. पाच-सहा वर्षांच्या पुढं कुणालाही चालतं, मुलगा-मुलगी फरक नाही. फक्त सगळ्यांसमोर करू नका, एकेकाला बाजूला घेऊन. नाही तर आणखी एक टमटम तयार होईल.

—

काळी_जमीन

हे भारी आहे बाप्पा. आमच्याकडं सुतळीला तोटा नाही, सोयाबीनची पोती शिवायला आणलेली पडून आहे. नातवावर करून बघतो.

—

कोरडवाहू

माझं आधीचं म्हणणं मागं घेत नाही, पण बायकोनं हा धागा वाचून पोरीच्या मानेकडं बघितलं. काळपट आहे. आम्ही उन्हाचं समजत होतो. कुणाला दाखवायचं?

—

अर्धा_डॉक्टर

जवळच्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञांना दाखवा, उपजिल्हा रुग्णालयातही चालेल. घाबरू नका, निरोपात वय-वजन-उंची कळवा. आणि हो, घासू नका.

—

खडू_फळा

(चार दिवसांनी) चौथीच्या वर्गाचं काल आटोपलं. ३१ पोरं. एकेकाला ऑफिसात बोलावलं, खेळ म्हणून. तिघांची टोकं जुळली नाहीत, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. एका घरी आजीनं मला चहाबरोबर खारी दिली, नाही म्हणता आलं नाही. सगळ्यात शेवटी पोरं म्हणाली, "गुरुजी, आता तुमची." दार लावून मोजली. चार बोटं कमी पडली.

—

अर्धा_डॉक्टर

गुरुजी, माझी पाच.